हायस्कूल निवडताना निकालही पाहू, वर्गही पाहू



मे महिना लागला की गटाच्या कर्जमागणी अर्जांत एक कारण सारखं दिसायला लागतं : "मुलांच्या ॲडमिशनसाठी". आपल्या बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, नाहीतर सातवीपर्यंत आहे. पुढे हायस्कूल शोधावं लागतं. कुणी बाजारगावच्या अनुदानित हायस्कूलचं नाव घेतं, कुणी तालुक्याच्या इंग्रजी शाळेचं. घरात प्रश्न निघतो तेव्हा दोनच गोष्टी बोलल्या जातात : "निकाल किती लागतो?" आणि "तिथं कुणाची पोरं जातात?"

पहिला प्रश्न उघड विचारला जातो, दुसरा हळू आवाजात. "तिथं सगळ्या वस्त्यांची पोरं येतात, आपली पोरगी बिघडेल," असं म्हणून चांगली शाळा सोडलेली घरं आहेत. आणि "तिथं आपल्या वस्तीचं कुणीच नाही, पोरीला कोण विचारणार," असं म्हणून चांगली शाळा सोडलेली घरंही आहेत. दोन्ही घरांतल्या ताई आपल्याच ग्रामसंघात शेजारी बसतात. म्हणून या अंकात दोन्ही प्रश्न उघड मांडू आणि त्यांची उत्तरं कशी शोधायची ते पाहू. हा पाठ गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचला तरी चालेल.

1. निकालाचा फलक कसा वाचायचा?

जून महिन्यात रस्त्यावर फलक लागतात, "दहावीचा निकाल 100 टक्के". हा आकडा खरा असतो, पण अपुरा असतो. तो फक्त परीक्षेला बसलेल्या मुलांचा असतो. कोण बसलंच नाही, ते फलक सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेत नववीला 60 मुलं होती. त्यातली 16 मुलं कच्ची म्हणून कुणाला नववीत मागे ठेवलं, कुणाच्या पालकांना "17 नंबरचा फॉर्म भरा" असं सांगितलं. दहावीला 44 बसली, 44 पास झाली. निकाल 100 टक्के. दुसऱ्या शाळेत नववीला 50 होती, दहावीला 48 बसली, 43 पास झाली. फलकावर निकाल 90 टक्क्यांच्या आसपास. आता नववीपासून मोजा. पहिल्या शाळेनं शंभरातली 73 मुलं पार केली, दुसरीनं 86. फलक पाहून आपण पहिल्या शाळेत गेलो असतो.

17 नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याची सोय. शाळा सुटलेल्या बाईसाठी ती फार कामाची आहे. पण शाळेत रोज येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला तो फॉर्म हातात दिला, तर तिची शाळा तिथंच थांबते. आणि पोरगी घरी बसली की लग्नाच्या गोष्टी सुरू व्हायला किती दिवस लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मुख्याध्यापकांना विचारायचा प्रश्न असा : "गेल्या वर्षी नववीला किती होती, यंदा दहावीला किती बसली आणि पास किती झाली? त्यात मुली किती?" तीन आकडे आणि मुलींचा वेगळा आकडा. चांगल्या शाळेला हे सांगायला अडचण नसते.

2. शिकवणं चाललंय की नाही, हे कसं ओळखायचं?

आपण स्वतः कमी शिकलो असलो तरी हे ओळखता येतं. त्या शाळेत जाणारं शेजारचं एखादं मूल बोलवा. त्याला दुसरीच्या पुस्तकातली छोटी गोष्ट वाचायला द्या आणि तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येनं भागायला सांगा. 'असर' नावाच्या देशभरच्या पाहणीत गावोगावच्या मुलांची साधारण अशीच तपासणी होते. हायस्कूलमधल्या मुलाला हे सहज यायला हवं. एक-दोन मुलं अडली तर समजू शकतो. पाचातली तीन अडली तर पुढे विचारपूस करा. ती मुलं आधीच्या शाळेतून कच्ची आली असतील, तर हायस्कूल त्यांच्यासाठी काही जादा करतंय का, हेही विचारा.

शिक्षकांची चौकशी नीट करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना प्रत्येकी निदान एक शिक्षक हवा. "गणिताची जागा भरलेली आहे का, की दुसरेच सर वेळ मारून नेतात?" हे मुलांना विचारलं की लगेच कळतं.

प्रत्येक शाळेला 11 आकडी यू-डायस क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून शाळेचा पट, शिक्षक, स्वच्छतागृह, वीज, पाणी यांची माहिती इंटरनेटवर पाहता येते. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हे काम द्या, मोबाईलवर पाच मिनिटांत होतं. फक्त ती माहिती शाळेनंच भरलेली असते, म्हणून एकदा जाऊन डोळ्यांनीही बघा.

माध्यमाबद्दल थोडं. इंग्रजी यावं ही इच्छा रास्त आहे. पण घरात कुणालाच इंग्रजी येत नसेल आणि मूल सातवीपर्यंत मराठीत शिकलेलं असेल, तर आठवीला सगळंच इंग्रजीत आल्यावर ते पाठांतरावर येतं. बऱ्याच अनुदानित शाळांत 'सेमी इंग्रजी' असते : गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत. हा मधला रस्ता विचारात घ्या.

3. वर्गात कोण बसतं?

आता हळू आवाजातला प्रश्न मोठ्यानं विचारू. शाळेत सगळ्या वस्त्यांची, जातींची, धर्मांची मुलं आहेत का? ऊसतोडीला जाणाऱ्यांची, अपंग मुलं आहेत का? मुली किती? आणि ती नुसती पटावर आहेत, की खरोखर एकत्र शिकतात?

गेटातून सगळी मुलं एकत्र आत जातात, म्हणून शाळा सगळ्यांची होत नाही. आत गेल्यावर हे पाहा :

• तुकड्या कशा पाडल्यात? 'अ' तुकडीत एकाच प्रकारच्या घरांची मुलं आणि 'क' तुकडीत वस्तीवरची सगळी, असं तर नाही ना?

• जेवणाची पंगत एक आहे का? आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत पोषण आहार मिळतो. त्या वेळी गेलात तर खूप काही दिसतं.

• वर्ग कोण झाडतं, पाणी कोण भरतं? पाळी सगळ्यांना आहे की ठरावीक मुलांना, की फक्त मुलींना?

• फळ्यावर गणित सोडवायला कोण उठतं? वर्गाचा मॉनिटर, स्नेहसंमेलनातलं मुख्य काम, विज्ञान प्रदर्शन यांत कुणाची नावं येतात?

• आई-बाप तोडीला गेले की त्या मुलाचं काय होतं? नाव तसंच ठेवून हजेरी लावतात, नाव काढून टाकतात, की हंगामी वसतिगृहात नाहीतर नातेवाइकांकडे त्याची सोय होईल असं बघतात?

• मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, आत पाणी आहे का? पाळीच्या दिवसांत मुली शाळेत येतात का? हे मुलींनाच विचारायचं.

यातल्या प्रत्येक गोष्टीचा शिकण्याशी सरळ संबंध आहे. ज्या मुलाला फळ्याजवळ कधी बोलावलं जात नाही, त्याचं गणित कच्चं राहतं. ज्या मुलीला पाणी भरायला पाठवतात, तिचा तास बुडतो. शाळा सगळ्यांना सारखं वागवते की नाही, हे बघणं म्हणजे शाळा शिकवते की नाही, हेच बघणं आहे.

4. मिसळून शिकल्यानं काय मिळतं?

काही ताई विचारतात, "आपलं पोर हुशार आहे, त्याला बाकीच्यांमुळं मागं पडायला नको." याचा विचार करताना आपल्याच मातीतलं उदाहरण आठवू या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 साली साताऱ्याला बोर्डिंग काढलं. तिथं वेगवेगळ्या जातींची गरीब मुलं एका छपराखाली राहत, एकत्र काम करत, एकाच पंगतीत जेवत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. 1927 साली महात्मा गांधी तिथं येऊन गेले आणि त्या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सगळ्या जातींच्या मुलांबरोबर राहून त्यांचं शिक्षण अडलं नाही.

आजचं उदाहरण नवोदय विद्यालयाचं. सहावीला परीक्षा देऊन तिथं प्रवेश मिळतो. निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना असतात. नववीला तिथली काही मुलं एक वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची इकडे येतात. वेगळी भाषा, वेगळं जेवण, वेगळे सण असलेल्या मुलांबरोबर राहणं, हा तिथं शिक्षणाचाच भाग धरलाय.

आणि आपला गट बघा. ज्या ताई कधी दुसऱ्या वस्तीत गेल्या नव्हत्या, त्या ग्रामसंघामुळे एका सतरंजीवर बसायला लागल्या. बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात बोलायची भीड त्यातूनच मोडली. आपल्या मुलांनाही पुढे नोकरीत, कॉलेजात, बाजारात सगळ्या प्रकारच्या माणसांबरोबरच काम करायचं आहे. ही सवय चाळिशीत लागण्यापेक्षा चौदाव्या वर्षी लागलेली बरी.

एक हिशोबाची गोष्टही आहे. शिक्षकांच्या जागा पटावर ठरतात. ऐपत असलेली घरं मुलं काढून नेतात, पट कमी होतो, मग शिक्षकाची जागा कमी होते आणि उरलेल्या गरीब मुलांचं शिकवणं आणखी पातळ होतं. शाळा बिघडली म्हणून पोरं गेली, की पोरं गेली म्हणून शाळा बिघडली, हे गावात बसून एकदा बोलायला हवं.

5. दोन्ही जुळत नसेल तर?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. एका शाळेत शिकवणं चांगलं, पण आपल्या मुलीसारखं तिथं कुणी नाही. दुसरीत सगळ्या मैत्रिणी आहेत, पण गणिताला सर नाहीत. याचं एकच उत्तर सगळ्या घरांना लागू होत नाही. पण तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

अपमान होत असेल तर ती शाळा नको, निकाल कितीही असो. जातीवरून बोलणं, वेगळं बसवणं, मारणं याला कायद्यानंच बंदी आहे. रोज खाली मान घालून बसणारी मुलगी शिकत नाही, ती शाळा सुटायची वाट बघते.

एकटेपणा असेल तर त्यावर उपाय करता येतो. एकाच वस्तीवरच्या दोन-तीन मुलींचं नाव एकाच शाळेत, शक्यतो एकाच तुकडीत घाला. सगळ्या मिळून जातील, मिळून येतील. हे काम एकट्या आईला जमत नाही, गटाला जमतं.

शिकवण्यात एखादी उणीव असेल तर ती कशी आहे ते बघा. एका विषयाची जागा रिकामी असेल तर पालक मिळून मागणी करू शकतात, तोवर संध्याकाळी समाजमंदिरात अभ्यासिका चालवू शकतात. पण शिक्षकच वेळेवर येत नाहीत, वर्गच भरत नाहीत, अशी शाळा असेल तर "सगळ्यांची शाळा आहे" एवढ्यावर मुलाची तीन वर्षं घालवू नका.

आणि मुलीला विचारा. तिला त्या शाळेत एकदा नेऊन आणा. रस्ता कसा वाटला, मुलं कशी बोलली, ती सांगेल. वर्गात तीच बसणार आहे.

6. खर्चाचा हिशोब

फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. गाडी, गणवेश, पुस्तकं, शिकवणी सगळं धरा. समजा, विनाअनुदानित शाळेसाठी गटातून 20,000 रुपये कर्ज काढलं, व्याज महिन्याला शेकडा 2 रुपये आणि दहा हप्त्यांत दर महिना 2,000 मुद्दल फेडलं. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तरी 2,200 रुपये व्याज होतं. म्हणजे 22,200. आणि हे एका वर्षाचं. दहावीपर्यंत तीन वर्षं आहेत. दोन मुलं असतील तर एकाला तिथं आणि दुसरीला घरी, असं तर होणार नाही ना? बहुतेक वेळा ती दुसरी म्हणजे मुलगी असते.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत घातल्यावर काय मिळतं, तेही मोजा. आठवीपर्यंत पुस्तकं मोफत. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास. शिवाय आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर या परीक्षेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही. फी भरून आपण ही संधी सोडतो, हे बऱ्याच पालकांना नंतर कळतं.

7. चिंचोके मांडून ठरवू

ही पद्धत आपण व्यवसाय निवडताना वापरली आहे. जमिनीवर चौकट आखा. वर शाळांची नावं, बाजूला पाच गोष्टी : शिकवणं, सगळ्यांना सारखी वागणूक, रस्ता आणि सुरक्षितता, खर्च, शाळा पालकांचं ऐकते का. प्रत्येक खान्यात 0 ते 5 चिंचोके ठेवा. चांगलं असेल तर जास्त. खर्चाच्या खान्यात खर्च कमी असेल तर चिंचोके जास्त.

समजा, तालुक्याच्या इंग्रजी शाळेला अनुक्रमे 4, 2, 2, 1, 2 चिंचोके पडले. बेरीज 11. बाजारगावच्या अनुदानित हायस्कूलला 3, 4, 4, 5, 3 पडले. बेरीज 19. तिसऱ्या एका शाळेला 4, 0, 4, 5, 4 पडले. बेरीज 17, म्हणजे पहिलीपेक्षा कितीतरी जास्त. पण तिच्या दुसऱ्या खान्यात शून्य आहे.

इथं एक नियम पाळू : कुठल्याही खान्यात शून्य आलं, तर आधी त्या शून्याबद्दल बोलायचं, बेरीज नंतर. वागणुकीतलं शून्य स्वस्तपणानं भरून निघत नाही. शिकवण्यातलं शून्यही शाळा जवळ आहे म्हणून भरून निघत नाही.

चिंचोके मांडताना सगळ्या वस्त्यांच्या ताई असू द्या. एकाच शाळेला एक ताई वागणुकीचे पाच चिंचोके देते आणि दुसरी एकच देते, असं होईल. तिथं थांबा आणि एक देणारीला आधी बोलू द्या. तिच्या मुलाला आलेला अनुभव पाच देणारीला माहीत नसतो.

8. हे हक्क लक्षात ठेवा

• आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी शाळेला मुलाची निवड-परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. (नवोदयसारख्या ठरावीक शाळांची प्रवेश परीक्षा वेगळी.)

• आठवीपर्यंत, शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो.

• खासगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के मोफत जागा पहिली किंवा त्याआधीच्या वर्गाच्या प्रवेशाला असतात. आठवीला त्या मिळतील असं कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

• जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घरांच्या पालकांनाही त्यात जागा असते. नाव नुसतं कागदावर नको, बैठकीला जा. हायस्कूलला शिक्षक-पालक संघाची सभा असते, तिथंही जा.

पुढच्या बैठकीसाठी

1. आपल्या गटातल्या किती घरांत यंदा आठवीचा प्रवेश आहे, याची यादी करा.

2. दोन-दोन ताईंच्या जोड्या करून जवळच्या हायस्कूलला भेट द्या. जोडीत शक्यतो वेगवेगळ्या वस्तीच्या ताई असाव्यात. नववी-दहावीचे तीन आकडे आणि त्यातला मुलींचा आकडा लिहून आणा.

3. भेटीनंतर चिंचोके मांडा. ठरलेलं इतिवृत्तात लिहा.

4. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावातल्या किती मुलींची शाळा आठवी ते दहावीत सुटली, त्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे कारण लिहा. ही यादी ग्रामसंघात ठेवायची आहे.

प्रवेशाची गडबड जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, त्याआधी शाळांच्या भेटी उरकायला हव्यात. मे अखेरपर्यंत ज्या गटांच्या याद्या येतील, त्यांच्या गावी मी चिंचोक्यांच्या बैठकीला येईन. तुमच्या सोयीची संध्याकाळ लिपिकेकडे कळवून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक